खरवडलेली लेबलं

जून महिन्यातला शनिवार होता. मी तेव्हा जर्सी सिटीत राहायचो, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ट्रेन पकडून ब्राँक्सला जायची सवय लागली होती. उन्हाळ्यात तिथे लोक घरासमोरच्या फुटपाथवर टेबल मांडून जुनं सामान विकतात. इस्त्र्या, लहान मुलांचे बूट, फोटो काढून घेतलेल्या रिकाम्या फ्रेम्स. कधीतरी एखादा रेकॉर्ड्सचा खोका. माझं लक्ष फक्त खोक्याकडे असायचं, हे आधीच कबूल करतो.

त्या दिवशीचं टेबल एका बाईंचं होतं. वय साधारण माझ्या आईएवढं. त्यांचा धाकटा भाऊ वारला होता आणि त्याची खोली महिनाअखेरपर्यंत रिकामी करायची होती. भाऊ डीजे होता, पण तुम्हीआम्ही नाव ऐकलेलं असेल असा नाही. पार्कातल्या पार्ट्या, शाळेचा हॉल, नात्यातली लग्नं. खोक्यातल्या बऱ्याचशा रेकॉर्ड्स आधीच कोणीतरी नेल्या होत्या. उरलेल्या नऊ कोणी घेत नव्हतं, कारण त्यांच्यावर नावच नव्हतं.

"यांत काय काय आहे?" मी विचारलं.

"मला काय माहीत, यंग मॅन," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठे सांगायचा तो."

चाळीस डॉलरला नऊच्या नऊ घेतल्या. अजून काही सापडलं तर फोन करीन म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला आणि स्वतःचा खोक्यावर लिहून दिला.

घरी येऊन एकेक उजेडात धरली. चार रेकॉर्ड्सची लेबलं कोरी पांढरी होती. म्हणजे दुकानात जाण्याआधी डीजेंना किंवा रेडिओला वाटलेल्या प्रती, किंवा कारखान्यातून तपासणीसाठी आलेल्या पहिल्या. हे नेहमीचं. पण उरलेल्या पाचांची लेबलं काढून टाकलेली होती. रेकॉर्डचं लेबल डिंकाने चिकटवलेलं नसतं. गरम विनाइल साच्यात दाबतात तेव्हाच कागद त्यात रुतून बसतो. ते काढायचं तर रेकॉर्ड पाण्यात भिजत घालायची आणि नखाने, ब्रशने, जे हाताशी असेल त्याने खरवडत बसायचं. एका रेकॉर्डवर निळ्या कागदाचा नखाएवढा तुकडा राहिला होता. बाकी सगळं साफ. आणि खाचांवर मेणाच्या खडूने मारलेल्या रेघा होत्या, ड्रमचा तुकडा कुठे सुरू होतो ते अंधारातही दिसावं म्हणून. ग्रँडमास्टर फ्लॅशने अशाच खुणा करून, घड्याळाचा काटा वाचावा तशी फिरती रेकॉर्ड वाचायची पद्धत रुळवली होती.

लेबल धुण्याची रीत त्याच्याही आधीची. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत बहिणीच्या पार्टीला रेकॉर्ड्स वाजवणारा क्लाइव्ह कँपबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा लांबवून वाजवायचा. हिप हॉपची जन्मतारीख म्हणून हीच सांगतात. हर्कने मुलाखतींमध्ये सांगितलंय की लेबलं भिजवून काढायचा सल्ला त्याला वडिलांनी दिला. कुटुंब जमैकाचं, आणि जमैकात हा जुना खेळ. किंग्स्टनमध्ये कॉक्सन डॉड आपल्या साउंड सिस्टिमवर एक रेकॉर्ड ‘कॉक्सन हॉप’ या नावाने वाजवायचा. ती मुळात विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची ‘लेटर फॉर द गेटर’. त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड याला खरं नाव शोधायला काही वर्षं लागली. सापडल्यावर त्याने ती स्वतःच्या सिस्टिमवर वाजवली आणि कॉक्सनचा हुकमी पत्ता गेला.

आमच्या बाईंचं कुटुंबही जमैकाहून आलेलं, हे मला नंतर कळलं.

हे सगळं वाचताना मला शाळेतल्या गाण्याच्या बाई आठवल्या. भातखंड्यांचं नाव घेताना त्या कानाच्या पाळीला हात लावायच्या. उस्ताद लोक चिजा कशा लपवून ठेवायचे, अर्धी चीज शिकवून अंतरा कसा गाळायचे, आणि भातखंड्यांनी गावोगाव हिंडून त्या जमवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त कशा छापल्या, ही गोष्ट आम्ही दरवर्षी ऐकायचो. गोष्टीत लपवणारे वाईट आणि छापणारा थोर. मलाही तसंच वाटत आलं होतं.

पण ज्याच्याकडे जमीन नाही, पेन्शन नाही, त्या गवयाकडे ती चीजच होती. ती सगळ्या गावाला येऊ लागली की त्याला बोलावणार कोण? डीजेचं तर त्याहून विचित्र. त्याच्याकडची रेकॉर्ड कोणालाही दुकानात एका डॉलरला मिळू शकत होती. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: हजारो रेकॉर्ड्समधली नेमकी कोणती, हे माहीत असणं. नाव कळलं की तेही गेलं. त्यामुळे टबाशी बसून लेबल घासणारा तो मुलगा मला चोर वाटत नाही. तो दुकानाचं शटर खाली ओढत होता.

तरीही मी त्याच आठवड्यात त्याची शटरं उचकटायला बसलो.

शोधायची पद्धत रुक्ष आहे. शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं त्यांच्या मधे एक गुळगुळीत पट्टा असतो. त्यावर कारखान्यासाठी खरडलेला किंवा ठोकलेला नंबर असतो. लेबल धुता येतं, हा नंबर धुता येत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा, रेकॉर्ड हळूहळू फिरवायची, तीन आहे की आठ यावर डोकं खाजवायचं आणि तो नंबर डिस्कॉग्जवर टाकायचा. खरवडलेल्या पाचांपैकी चार अशा दोन रात्रींत सापडल्या. सत्तरच्या दशकातलं फंक, एक लॅटिन. पाचवी शझामने आधी चुकीची सांगितली आणि दुसऱ्या बाजूने बरोबर. इतकं सोपं होतं की वाईट वाटलं. त्याने किती संध्याकाळी घालवल्या असतील, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या.

पांढऱ्या चार मात्र चिवट निघाल्या. त्या रॅपच्या होत्या, ऐंशीच्या दशकातल्या. तेव्हा पाचशे-हजार प्रती काढून बंद पडलेल्या कंपन्या गल्लोगल्ली होत्या. एक नंबर सापडत नाही, एकावर फक्त रेकॉर्ड कापणाऱ्या इंजिनियरची आद्याक्षरं. मग कान लावून ऐकायचं: कुठल्या रस्त्याचं नाव येतं, कुठल्या बुटांचं. रॅपर दर चार ओळींनी स्वतःचं नाव सांगतो हे खरं तर आमच्या फार सोयीचं. पण त्यावरही विसंबता येत नाही. १९७९ साली आलेलं ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅपचं पहिलं मोठं हिट. ते गाणाऱ्या शुगरहिल गँगमधला बिग बँक हँक न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. त्याने आपल्या कडव्यांसाठी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या ओळी घेतल्या, आणि घेताना कॅझचं जुनं टोपणनावसुद्धा, स्पेलिंगसकट, तसंच म्हणून टाकलं. लाखो लोकांनी ते ऐकलं. नाव रेकॉर्डमध्ये होतं, ढळढळीत होतं, आणि तरी कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसे. मागचा ठेका शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’वरून उचललेला होता. पण नाइल रॉजर्सकडे वकील होते, त्यामुळे त्याचं नाव लेबलवर आलं. नाव माहीत असणं आणि नावाचा उपयोग होणं यांत मधे एक वकील असतो.

नोव्हेंबरात सातवी सापडली, पांढऱ्यांमधली दुसरी. त्याच कंपनीच्या एका वेगळ्या रेकॉर्डचा नंबर तिच्या पाठोपाठचा होता, त्यावरून. मी लगेच भाव पाहिला. शेवटची प्रत २४० डॉलरला गेली होती.

इथून पुढचं लिहायला मला फारसं आवडत नाहीये.

माझा पहिला विचार होता की वा. दुसरा विचार बाईंचा आला आणि तो मी पटकन दुसऱ्या खोलीत ढकलला. रेकॉर्ड जमवणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: तुझं ज्ञान ही तुझी मेहनत आहे, त्यांच्याकडे राहिली असती तर कचऱ्यात गेली असती, घेताना तुलाही माहीत नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या. शिवाय मी स्वतःला असंही समजावलं की मी तेच करतोय जे तिच्या भावाने केलं. त्याने नाव लपवलं, मीही लपवतोय. परंपराच म्हणा ना.

हे शेवटचं मला पटलं नाही, आणि का पटलं नाही याचा विचार करण्यात हिवाळा गेला. तो लपवत होता समोरच्या डीजेपासून. समोरच्यालाही दुकानं उघडी होती, कान होते, टब होता. दोघांना नियम माहीत होते. मी लपवत होतो अशा माणसापासून, जिला खेळ चालू आहे हेच माहीत नव्हतं. घेताना मला ठाऊक नव्हतं ही सबब नोव्हेंबरच्या त्या रात्रीपर्यंतच चालते. सौदा जूनमध्ये संपला हे कायद्याला पुरेल. पण नंबर माझ्यासमोर खोक्यावर लिहिलेला होता.

आणि एकदा हा धागा हातात आला की तो त्या भावापाशीही थांबत नाही. लेबल धुतलं तेव्हा प्रतिस्पर्धी डीजेचं नुकसान झालं, ठीक. पण लेबलवर ज्याचं नाव होतं त्याचं काय? पार्कात तीनशे लोक एका ड्रमच्या तुकड्यावर नाचतायत, आणि तो कोणाचा हे त्यांतल्या एकालाही कळू नये अशी व्यवस्था केलेली. एकाही माणसाने दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्ड विकत घ्यायची शक्यता संपली.

याचं टोक म्हणजे ‘आमेन, ब्रदर’. द विन्स्टन्स या बँडने १९६९ मध्ये काढलेल्या रेकॉर्डची दुसरी बाजू. मधे ग्रेगरी कोलमनचे ड्रम एकटेच वाजतात, चार आवर्तनं, सात सेकंदांच्या आसपास. १९८६ मध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या मालिकेने ते पुन्हा बाजारात आणलं. लपवलेल्या ब्रेक्सची नावं चव्हाट्यावर आणणारी ती मालिका, १९९१ पर्यंत पंचवीस भाग निघाले. त्यानंतर ते सात सेकंद हजारो गाण्यांत गेले. एनडब्ल्यूएच्या ‘स्ट्रेट आउटा काँप्टन’मध्ये तेच आहेत. ब्रिटनमधलं जंगल आणि ड्रम अँड बास हे संगीतप्रकार तर त्यांच्यावरच उभे राहिले. ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये अटलांटात वारला तेव्हा त्याला घर नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, ज्याच्याकडे हक्क होते, त्याला १९९६ पर्यंत या प्रकाराचा पत्ताच नव्हता आणि मग दावा लावायची मुदत उलटून गेलेली. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन डीजेंनी लोकांकडून वर्गणी गोळा करून त्याला सुमारे २४ हजार पौंड दिले. कोलमनपर्यंत त्यातलं काही पोचायची वेळ टळून गेली होती.

तर मग नाव सांगावं. प्रत्येक रेकॉर्डचं, प्रत्येक सँपलचं, मोठ्याने. मी काही आठवडे या मताचा होतो.

मग सापडलेल्या पांढऱ्या रेकॉर्डमधला एक लूप मी ओळखला. कोणीच तो कुठे नोंदवला नव्हता. मूळ गाण्याचे हक्क आता कोणाकडे आहेत ते पाहिलं: बँडकडे नाहीत, जुन्या कंपन्यांचे गठ्ठे विकत घेणाऱ्या एका कंपनीकडे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्याचा निकाल बायबलमधल्या चोरी करू नकोस या आज्ञेने सुरू केला, तेव्हापासून सँपल ओळखणं हा निरागस छंद राहिला नाही. ब्रिजपोर्ट म्युझिक या कंपनीने २००१ मध्ये सुमारे आठशे प्रतिवादींवर एकाच वेळी दावे लावले. तिच्याकडे जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिकचे बरेच हक्क होते, आणि ते आपल्याला परत मिळावेत म्हणून क्लिंटन स्वतः तिच्याशी भांडत होता. म्हणजे सँपल ओळखलं, दावा लागला, पैसे निघाले, आणि ज्याने वाजवलं त्याच्या घरी गेलेच नाहीत. १९९८ च्या ‘मोमेंट ऑफ ट्रुथ’ अल्बमवर डीजे प्रीमियर सँपल्सची नावं छापणाऱ्यांवर भडकलेला ऐकू येतो. पूर्वी मला ते गुर्मीचं वाटायचं.

आपल्या गाण्याचंही असंच झालं. डीजे क्विकने एका सकाळी टीव्हीवर लागलेलं हिंदी गाणं व्हीसीआरवर टेप केलं. कुठलं गाणं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यावर २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्सचं ‘अॅडिक्टिव्ह’ झालं. ते होतं १९८१ च्या ‘ज्योती’मधलं ‘थोडा रेशम लगता है’, आवाज लतादीदींचा, संगीत बप्पी लाहिरींचं. पन्नास कोटी डॉलरहून मोठा दावा लागला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की लाहिरींचं नाव टाकल्याशिवाय रेकॉर्ड विकायची नाही. योग्यच झालं. पण त्या गाण्याला जो ठेका आहे, ज्यासाठी क्विकचा हात रेकॉर्डच्या बटणाकडे गेला, तो कोणी वाजवला? हे कोणी विचारलं नाही, न्यायालयानेही नाही. आपल्या जुन्या रेकॉर्ड्सवर साजिंद्यांची नावं क्वचितच असतात. ती कोणी खरवडलेली नाहीत, छापलीच नव्हती.

तो लूप मी कुठेही नोंदवला नाही. मूळ बँडमधला कोणी हयात आहे का, हे शोधून त्याला पत्र लिहिणं वेगळं; एकाला लिहिलंयही, उत्तर नाही. पण कंपनीच्या वकिलासाठी फुकटची हेरगिरी मी करणार नाही. तुम्हाला हा दुटप्पीपणा वाटू शकतो. सात रेकॉर्ड्सची नावं मी नोंदवली, त्यांतल्या एका लूपचं नाही. माझं उत्तर एवढंच, की नाव सांगायच्या आधी ते कोणाच्या हातात पडणार हे मी आता बघतो, आणि मला कळल्याचा आनंद हे सांगायचं कारण धरत नाही. तो आनंद मोठा असतो. इतका, की त्याच्या भरात मी बाईंना आठ महिने फोन केला नव्हता.

फेब्रुवारीत केला. सगळं सांगितलं, भावासकट. मला वाटलं होतं त्या म्हणतील, असू दे, तू शोधलंस, तुलाच राहू दे. सिनेमात म्हणतात.

"अर्धे पाठव," त्या म्हणाल्या.

मी १२० डॉलर पाठवले. रेकॉर्ड विकली नाही. मग त्यांनी विचारलं, बाकीच्या कुठल्या आहेत. मी यादी वाचायला लागलो. बँडचं नाव, गाण्याचं नाव, साल. प्रत्येक नावानंतर नुसतं "हं". एकही नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "वाजव ना."

फोन स्पीकरजवळ धरला आणि त्याच्या खडूच्या रेघेवर सुई ठेवली. चार सेकंदांत त्या म्हणाल्या, "ही पार्कातली." पुढची, "शाळेतली, तो दिवा पडला होता तेव्हाची." एकीवर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत आणि मी विचारलंही नाही. मग न सापडलेल्या दोन लावल्या. पहिली त्यांनाही अनोळखी. दुसऱ्या रेकॉर्डवर दोन मुलगे रॅप करतात आणि मागे एक स्वस्तातला की-बोर्ड आहे. "अरे, ही मावशीच्या किचनमधली," त्या म्हणाल्या. "रात्री सगळे झोपल्यावर हीच लावायचा, अगदी हळू. कोणाची आहे ग, असं मीच त्याला उलट चिडवायचे. सांगितलं नाहीच त्याने."

मी आता ठाण्यात राहतो, रेकॉर्ड्स सोबत आल्या. ती अजून सापडलेली नाही. पट्ट्यावर नंबर नाही, फक्त एक फुली आहे. कव्हरवर पेन्सिलने लिहून ठेवलंय: मावशीचं किचन, रात्री, हळू.